पाळत उघडी पडते ती अपघातानेच

नाना पटोले यांचा फोन 'अमजद खान' या नावाने ऐकला जात होता, ही गोष्ट महाराष्ट्राला कळली ती जुलै २०२१ मध्ये, विधानसभेत. पटोले तेव्हा प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होते. पण ज्या काळात फोन टॅप झाला असे त्यांचे म्हणणे होते, त्या २०१६-१७ मध्ये ते भाजपचेच खासदार होते. कागदावर त्यांना अमली पदार्थांच्या धंद्यातला माणूस दाखवले होते. आमदार बच्चू कडू यांचे नाव 'निजामुद्दीन बाबू शेख' झाले होते, तर २०१९ मध्ये सरकार स्थापनेचा घोळ चालू असताना खासदार संजय राऊत यांचा क्रमांक 'एस. रहाटे' या नावाखाली गेला, असा आरोप पुढे आला.

पुणे आणि मुंबईत २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले, ते टॅपिंगचा आरोप असलेल्या काळात आधी पुण्याच्या पोलीस आयुक्त आणि नंतर राज्य गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुख असलेल्या रश्मी शुक्ला यांच्यावर. त्यांनी आरोप फेटाळले. मग राज्यातले सरकार बदलले. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याची भूमिका घेतली, मुंबईच्या प्रकरणात खटल्याला सरकारने परवानगी नाकारली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. खरे-खोटे साक्षीपुराव्याने कधीच तपासले गेले नाही. त्यामुळे दोषी कोण, हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तो या लेखाचा विषयही नाही.

मला खटकते ते वेगळेच. फोन ऐकायला मंत्रालयातल्या गृह खात्याची लेखी परवानगी लागते. तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे येतो एक क्रमांक, एक नाव आणि दोन ओळींचे कारण. क्रमांक खरोखर कोणाचा आहे हे पडताळण्याची कुठलीही स्वतंत्र सोय त्या टेबलावर नाही. नाव खोटे असेल तरी सही होते आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही. पटोल्यांना लागला, कारण मधल्या काळात सत्ता बदलली आणि नव्या सत्तेला जुन्या फायली उघडण्यात रस होता. पुन्हा सत्ता बदलली, फायली मिटल्या. भारतातल्या राजकीय पाळतीबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे, ते जवळपास सगळे अशाच अपघातांनी माहीत झालेले आहे. कायद्याने सांगितले म्हणून बाहेर आले, असे एकही मोठे प्रकरण मला आठवत नाही.

पाळत मुळातच नको, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधले हल्लेखोर सीमेपलीकडच्या सूत्रधारांशी बोलत होते आणि आपल्या यंत्रणा ते संभाषण ऐकत होत्या. त्या ध्वनिमुद्रणाने हल्ल्यामागचा कट जगापुढे आला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ते पुराव्यात टिकले. असे ऐकणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. पण ज्या कायद्याने दहशतवाद्याचा फोन ऐकता येतो त्याच कायद्याने, त्याच सहीने, कामगार संघटनेच्या चिटणीसाचा, आदिवासींच्या वकिलाचा आणि विरोधी आमदाराचाही ऐकता येतो. दोहोंतला फरक ओळखायला कोणी बाहेरचा माणूस बसवलेला आहे का, एवढाच प्रश्न आहे.

पाळतीच्या या घराचा पाया इंग्रजांनी घातला. इंटेलिजन्स ब्युरो आपली सुरुवात १८८७ पासून मोजते आणि तारा अडवण्याची मुभा देणारा टेलिग्राफ कायदा १८८५चा. मुंबई इलाख्यात सभेच्या कोपऱ्यात बसून मराठी भाषण लघुलिपीत उतरवून घेणारे पोलीस लेखनिक असत. टिळकांनी १९१६च्या मे महिन्यात बेळगावला आणि मे अखेर-जूनच्या आरंभी अहमदनगरला होमरूलवर जी भाषणे केली, ती अशीच टिपली गेली, इंग्रजीत उतरली आणि पुण्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे ठेवली गेली. टिळकांची साठी साजरी होत असतानाच नोटीस हाती पडली: वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. उच्च न्यायालयात टिळकांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली. भाषणातली सुटी वाक्ये उचलू नका, पूर्ण भाषण वाचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी आदेश रद्द केला. परकी राजवटीतही पाळतीतून आलेला कागद उघड्या न्यायालयात ठेवावा लागला आणि तिथे तो पडला. हे लक्षात राहण्याजोगे आहे, कारण स्वातंत्र्यानंतर पाळतीचे बहुतेक कागद न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत.

इंग्रजी अमलातले पोलीस जे गुप्त साप्ताहिक गोषवारे लिहीत, त्यांचे पुढे काय झाले? राज्य सरकारनेच ते छापले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने म्हणून १९५७ पासून जे खंड निघाले, त्यांतला मोठा भाग पोलिसांच्या नोंदींचा आहे. बाबासाहेब आंबेडकर आणि अस्पृश्यांच्या चळवळीवरचा असाच साधनखंड १९८२ मध्ये निघाला. वर्तमानपत्रांच्या कात्रणांबरोबर त्यात पोलिसांच्या गुप्त नोंदी आहेत: सभा कुठे झाली, माणसे किती जमली, कोण काय बोलले. आज अभ्यासक त्यांचा आधार घेतात आणि घ्यावाच. पण तो खंड वाचताना मनात येते, की हक्काच्या पाण्यासाठी आणि देवळाच्या दारासाठी उभ्या राहिलेल्या माणसांची मोजदाद करायला एक सरकारी माणूस गर्दीत उभा होता आणि त्याच्या वहीतली नोंद लोकांपुढे यायला ते सरकार देश सोडून जावे लागले.

खुद्द आंबेडकरांना या धोक्याची पुरेपूर जाणीव होती. १९४७ मध्ये घटना समितीच्या उपसमितीसाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, ते 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने प्रसिद्ध आहे. घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांच्या अवाजवी झडतीपासून नागरिकाला संरक्षण असावे, हा हक्क त्यांनी त्यात स्पष्ट लिहिला होता. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचाही प्रस्ताव आला. गुन्ह्यांच्या तपासात अडथळा येईल म्हणून बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी हरकत घेतली आणि कलम वगळले गेले. मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी डिसेंबर १९४८ मध्ये झडतीविरुद्धचे संरक्षण पुन्हा मांडून पाहिले, पण अंतिम घटनेत ते उतरले नाही. पुढची सत्तर वर्षे न्यायालये ती रिकामी जागा भरत राहिली.

भरण्याची पहिली मोठी संधी आली ती उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग नावाच्या माणसामुळे. दरोड्याच्या संशयावरून त्याला पकडले, पुरावा नाही म्हणून सोडले, पण पोलिसांनी त्याची 'हिस्ट्रीशीट' उघडली. शिपाई मध्यरात्री दारावर थाप मारत, आत येऊन तो झोपलाय की नाही पाहत. बाहेरगावी जायचे तर कळवून जावे लागे आणि तिथल्या ठाण्याला निरोप जाई. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, मात्र बहुमताने खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही असे सांगून बाकीची पाळत कायम ठेवली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे होते: ज्याच्यावर सतत डोळे रोखलेले आहेत तो मोकळा फिरतो असे म्हणताच येणार नाही, मनावरचे दडपण हेही बंधनच. ते अल्पमत होते. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते मान्य करून खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, तो दिवस उजाडला २४ ऑगस्ट २०१७ ला.

मधल्या काळात काय चालले होते याची झलक तुकड्या-तुकड्यांनी मिळत राहिली. नेताजींच्या पुतण्यांची, शिशिरकुमार आणि अमियनाथ बोस यांची पत्रे इंटेलिजन्स ब्युरो १९४८ पासून जवळपास वीस वर्षे उघडून वाचत होती, हे देशाला २०१५ मध्ये फायली खुल्या झाल्यावर समजले. म्हणजे ही सवय एका पक्षाच्या किंवा एका नेत्याच्या काळातली नाही; नेहरूंच्या उदार राजवटीतही ती सुखाने नांदत होती. आणीबाणी लागली त्या २५ जून १९७५च्या रात्री अटका इतक्या झपाट्याने झाल्या, कारण कोणाला उचलायचे याच्या याद्या आधीपासून तयार होत्या. सरकार पडल्यावर शहा आयोग बसला आणि मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसे स्थानबद्ध झाली होती हे अधिकृतपणे नोंदले गेले. १९८८ मध्ये कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्या आरोपावरून मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. मार्च १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले, त्या निमित्ताने काँग्रेसने पाठिंब्यावरून ताणले आणि चंद्रशेखर यांचे सरकार गेले. दोन शिपायांपायी केंद्रातले सरकार पडते. मग त्यानंतर तरी कायदा व्हायला हवा होता. तो झाला नाही.

झाला तो न्यायालयाचा निकाल. राजकारण्यांच्या फोन टॅपिंगवरचा सीबीआयचा अहवाल 'मेनस्ट्रीम' साप्ताहिकात छापून आला आणि जयप्रकाशांनी आणीबाणीत स्थापन केलेल्या संघटनेचा वारसा सांगणाऱ्या पीयूसीएलने १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. राजिंदर सच्चर यांनी त्यांच्या वतीने मागणी केली, की टॅपिंगला आधी न्यायाधीशाची परवानगी असावी. १८ डिसेंबर १९९६च्या निकालात न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाने फोनवरचे बोलणे हा खासगी आयुष्याचा भाग मानला, परंतु सच्चर यांची मुख्य मागणी नाकारली. त्याऐवजी तात्पुरती चौकट दिली: आदेश गृहसचिवाचा, मुदत दोन महिन्यांची, फार तर सहा महिने आणि नंतर सचिवांच्याच समितीकडून फेरतपासणी. सरकार कायदा करीपर्यंतची ही सोय होती. सरकारने २००७ मध्ये तिचाच नियम केला आणि विषय संपवला.

त्या सोयीचे आज काय झाले आहे ते साध्या हिशेबाने कळते. माहिती अधिकारातून मिळालेल्या उत्तरानुसार एकटे केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश काढत होते. फेरतपासणी समिती बसते दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीपुढे १५ ते १८ हजार आदेश. हे गणित न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या विदा संरक्षणावरच्या समितीने २०१८च्या अहवालात मांडले आणि हे काम अशक्य कोटीतले असल्याचे म्हटले. फेरतपासणी समितीने आठ तास खुर्ची सोडली नाही असे धरले तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंद येत नाहीत. मुंबईच्या दंगलींची चौकशी केलेल्या या न्यायमूर्तींना पोलिसी कागदांचा अनुभव कमी नाही. पाळतीवर न्यायालयीन देखरेख ठेवणारा स्वतंत्र कायदा करा, असे त्यांनी सुचवले. २०२३ मध्ये विदा संरक्षणाचा कायदा आला, त्यात सरकार ज्या यंत्रणांची नावे जाहीर करील त्यांना कायद्यातूनच सूट देण्याची तरतूद आहे. टॅपिंगच्या आकड्यांसाठी पुढे जे अर्ज झाले त्यांना नकार मिळाला. मागे निदान आकडा कळत होता, आता तोही नाही.

कायद्याची बाकी वाटचाल थोडक्यात आटोपते, कारण दिशा एकच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन संगणकावरची कुठलीही माहिती अडवण्याचा अधिकार आला, तोही टेलिग्राफ कायद्यातल्या 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' या पूर्वअटीशिवाय. २० डिसेंबर २०१८ला गृह मंत्रालयाने हा अधिकार वापरू शकणाऱ्या दहा यंत्रणांची यादी जाहीर केली. १८८५चा कायदा जाऊन २०२३चा दूरसंचार कायदा आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नवे नियम. आदेश देणारा सचिव, तपासणारेही सचिव. आणि इंटेलिजन्स ब्युरो? तिच्या मागे आजही संसदेचा कायदा नाही. सव्वाशे वर्षांहून जुनी ही संस्था कोणाला उत्तरदायी आहे हे कुठल्याच कायद्यात लिहिलेले नाही.

ज्या एखाद्या प्रकरणात टॅपिंगचे आदेश न्यायालयापुढे येतात तिथे ते किती तकलादू असतात, हे ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार खटल्यात दाखवले. लाचेच्या प्रकरणात गृह मंत्रालयाने दिलेले तीन आदेश न्यायमूर्ती रणजित मोरे आणि एन. जे. जमादार यांनी रद्द केले आणि मुद्रणे नष्ट करायला सांगितली. सार्वजनिक आणीबाणी असेल तर ती सगळ्यांना दिसेल अशी असली पाहिजे, एका माणसाच्या लाचेने ती उभी राहत नाही. पण तो व्यापारी आरोपी होता, खटला चालू होता, म्हणून आदेश त्याच्या हाती आले. ज्याच्यावर कधी खटलाच भरला जात नाही, फक्त ऐकले जाते, त्या कार्यकर्त्याला रद्द करून घ्यायला आदेश मिळणार कुठून?

आणि आता तर फोन ऐकणे हीच जुनी गोष्ट झाली आहे. ३१ डिसेंबर २०१७ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला आणि २०१८च्या जूनपासून पुणे पोलिसांनी वकील, प्राध्यापक, कवी, कार्यकर्ते अशांना माओवादी कटाच्या आरोपाखाली अटक करायला सुरुवात केली. एकूण सोळा. पुराव्याचा गाभा म्हणजे दिल्लीतले रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत सापडलेली पत्रे. बचाव पक्षाने विल्सन यांच्या संगणकाची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल आला. त्यानुसार १३ जून २०१६ला सहआरोपी वरवरा राव यांच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधली जोडणी विल्सन यांनी उघडली, समोर एक साधा दस्तऐवज दिसला आणि मागे 'नेटवायर' हा घुसखोर प्रोग्राम संगणकात शिरला. पुढे बावीस महिने, छाप्याच्या आदल्या दिवसापर्यंत, बाहेरचा कोणीतरी त्या यंत्रात वावरत होता. त्याने एक लपवलेला फोल्डर तयार केला आणि पत्रे त्यात आणून ठेवली. विल्सन यांनी ती कधी उघडल्याची खूण नाही. एक बारीक गोष्ट तर विसरता येत नाही: त्यांतली काही पत्रे वर्डच्या ज्या नव्या आवृत्तीत तयार झाली होती, ती आवृत्ती विल्सन यांच्या संगणकावर नव्हतीच, तिथे जुनी २००७ची होती.

पुढे तपास हाती घेतलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेला, म्हणजे एनआयएला, हा अहवाल मान्य नाही आणि कुठल्याही न्यायालयाने त्यावर अंतिम निर्णय दिलेला नाही. घुसखोर कोण होता हेही अहवाल सांगत नाही. पण मला यात पाळतीचा एक नवाच टप्पा दिसतो. पूर्वी पोलिसांचा लेखनिक सभेत जे बोलले गेले ते, वाईटसाईट का होईना, लिहून घ्यायचा. आता जो ऐकायला आत शिरतो त्याला लिहिताही येते. ज्या साधनाने पाहणी होते त्याच साधनाने पुरावा पेरता येत असेल, तर संगणकातून निघालेल्या कुठल्याही कागदावर विश्वास ठेवण्याआधी त्या यंत्रात कोण कोण येऊन गेले याची सक्तीची तपासणी व्हायला हवी. तशी सक्ती आपल्याकडे नाही. आणि वेळ कोणाचा गेला? आरोपींपैकी स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ला कोठडीतच, वांद्र्याच्या रुग्णालयात वारले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. नागपूर विद्यापीठाच्या शोमा सेन यांना जामीन मिळायला एप्रिल २०२४ उजाडले. विल्सन आणि सुधीर ढवळे सुटले जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांनी, खटला सुरू न होताच.

याच खटल्यातल्या वकिलांचे आणि त्यांच्याभोवतीच्या माणसांचे फोन २०१९ मध्ये पुन्हा बातमीत आले. व्हॉट्सॲपने ऑक्टोबरमध्ये जाहीर केले, की इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या 'पेगॅसस'ने जगभरातल्या सुमारे १,४०० फोनांवर हल्ला केला, त्यांत १२१ भारतीय होते. पेगॅससला ईमेलमधली जोडणी उघडण्याचीही गरज नव्हती, चुकलेल्या व्हिडिओ कॉलनेही ते आत शिरत होते. कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. मग कोणत्या सरकारने? जुलै २०२१ मध्ये पेगॅससच्या संभाव्य लक्ष्यांची म्हणून फुटलेल्या यादीत पत्रकार, विरोधी नेते आणि मंत्री अशांचे क्रमांक निघाले, तेव्हा हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. केंद्र सरकारने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतल्याने न्यायालय मूक साक्षीदार होणार नाही, असे बजावून २७ ऑक्टोबर २०२१ला न्यायालयाने न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये निष्कर्ष कळला तो एवढा: २९ फोन तपासले, पाचांत घातक प्रोग्राम सापडला, तो पेगॅससच होता असे सिद्ध होत नाही आणि सरकारने सहकार्य केले नाही. अहवाल लखोट्यात बंद आहे. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने मात्र डिसेंबर २०२४ मध्ये एनएसओला दोषी धरले. आपल्या माणसांच्या फोनांत काय घडले हे आपल्याला परदेशी कंपनीने परदेशी न्यायालयात भरलेल्या दाव्यातून समजावे, याची खंत वाटायला हवी.

दिल्ली-तेल अवीवच्या या गोष्टींत आपल्या तालुक्याची पाळत झाकली जाऊ नये. चळवळीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, ठाण्यातल्या गोपनीय शाखेचा माणूस त्याला नावाने माहीत असतो. मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन येतो: किती लोक येणार, निवेदन कोणाला देणार, बाहेरून कोण वक्ता आहे? आवाज नरम असतो, कधी चहासुद्धा एकत्र होतो. दुसऱ्या दिवशी साध्या वेशातला कोणीतरी मोबाइलवर एकेक चेहरा टिपत फिरतो. मंत्र्यांचा दौरा असला की '१४९ची नोटीस' घरी येते (नव्या संहितेत ती १६८ची झाली) आणि कांद्याच्या भावासाठी काळे झेंडे दाखवतील म्हणून दोन-चार शेतकरी कार्यकर्ते सकाळपासून ठाण्यात बसवले जातात. कुठे नोंद नाही, दाद नाही. वरचेवर आंदोलन करणाऱ्याच्या मागे तडीपारीचा प्रस्ताव लागतो. घरात मग बायको म्हणते, आई म्हणते, कशाला पुढे पुढे करता? फोन न टॅप करता, खटला न भरता माणूस सभेला जायचा बंद होतो. पाळतीचा खरा परिणाम मोजायचा तर तो या न आलेल्या माणसांत मोजावा लागेल, आणि त्यांची यादी कुठल्याच आयोगाला मिळणार नाही.

त्यात चेहरा ओळखणारी यंत्रे आली आहेत. दिल्लीच्या दंगलीनंतर मार्च २०२० मध्ये गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले, की मतदार ओळखपत्र आणि वाहन परवान्याच्या छायाचित्रांशी ताडून अकराशेहून अधिक लोक ओळखले. मतदानासाठी दिलेला फोटो पोलिसांच्या कामी वापरायची परवानगी कोणत्या कायद्याने दिली, याचे उत्तर मिळालेले नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवण्यासाठी 'मार्व्हल' ही सरकारी कंपनी काढली आणि जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. विरोध झाल्यावर त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांपुरता ठेवल्याचे सरकार म्हणते. पण संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारचाच आणि एकदा ती ठरली की सभेला गेलेला, वर्गणी दिलेला, हॉल भाड्याने दिलेला प्रत्येक जण यादीत येतो. कॅमेरा आणि हा कायदा एकमेकांना भेटले की ती यादी कोणी हाताने लिहिणार नाही.

बाहेरच्या देशांत सगळे आलबेल आहे असे नाही. अमेरिकेत एफबीआय १९५६ पासून पंधरा वर्षे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्यांच्या मागे होती. तेही उघड झाले ते ८ मार्च १९७१ला आठ सामान्य नागरिकांनी पेनसिल्वेनियातल्या मीडिया गावच्या एफबीआय कार्यालयात चोरी करून कागद वर्तमानपत्रांना पाठवले म्हणून. पण पुढे सेनेटर चर्च यांच्या समितीने खुली चौकशी केली आणि १९७८ मध्ये गुप्त पाळतीसाठी खास न्यायालय आले. त्या न्यायालयाने जवळजवळ प्रत्येक अर्ज मंजूर केला आणि कोट्यवधी नागरिकांच्या कॉलच्या नोंदी गोळा करू दिल्या, हे स्नोडेन यांनी २०१३ मध्ये दाखवले. तेव्हा न्यायाधीश बसवला की झाले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मला अधिक मोलाची वाटते ती जर्मनीची रीत. पूर्व जर्मनीच्या स्टासीने १११ किलोमीटर लांबीच्या फायली मागे ठेवल्या आणि जानेवारी १९९२ पासून प्रत्येकाला आपली फाईल वाचायला मिळाली. कोणी चुगली केली, शेजाऱ्याने की मित्राने, हे माणसांनी स्वतः वाचले. पश्चिम जर्मनीत तर त्याआधीपासून नियम आहे, की पाळत संपली आणि तपासाला धोका उरला नाही की त्या माणसाला कळवायचे: तुमच्यावर अमुक काळ पाळत होती. कळले की तो न्यायालयात जाऊ शकतो. आपल्याकडे नेमके हेच नाही, म्हणून बाकीचे सारे हक्क कागदावर राहतात.

हा एक नियम आला तर किती गोष्टी बदलतील, पाहा. नंतर कळवावे लागणार आहे हे माहीत असलेला अधिकारी अर्जात खोटे नाव टाकण्याआधी विचार करील. सही करणारा सचिव क्रमांक कोणाचा हे कंपनीकडून पडताळून घेईल. फेरतपासणी समितीने दोन सेकंदांत हातावेगळा केलेला आदेश दोन वर्षांनी उच्च न्यायालयात वाचला जाईल. आदेशाआधी न्यायाधीशाची मंजुरी हवी, इंटेलिजन्स ब्युरोला संसदेचा कायदा हवा, संगणकी पुराव्याची तटस्थ तपासणी हवी, या मागण्या आहेतच. पण त्या सगळ्यांना दिल्ली लागते आणि दिल्लीत कुठल्याही रंगाचे सरकार असले तरी उत्साह दिसत नाही. विरोधी बाकांवर असताना ज्यांचे फोन टॅप झाले, ते सत्तेत आल्यावर कायदा बदलायला पुढे आलेत असे गेल्या चाळीस वर्षांत घडलेले नाही.

राज्याला आपल्या पातळीवर मात्र उद्या करता येण्यासारखे एक काम आहे. महाराष्ट्रातल्या टॅपिंगच्या आदेशांवर मंत्रालयातच सही होते आणि मुख्य सचिवांची समितीही इथेच बसते. गेल्या वर्षी किती आदेश दिले, किती वाढवले, समितीने किती रद्द केले, कितींतून खटला उभा राहिला, हे चार आकडे दर हिवाळी अधिवेशनात पटलावर ठेवता येतील. त्यात कोणाचे नाव नाही, क्रमांक नाही, कुठला तपास फुटत नाही. गृहमंत्र्यांना हा प्रश्न विचारायला एक आमदार पुरतो, आणि दोन्ही बाजूंच्या बाकांवर असे आमदार आहेत ज्यांचे स्वतःचे नाव कधी ना कधी त्या फायलींत होते.